निकेलचा सांधा

मुरबाड,
१३ जानेवारी १९९८

सावळी,

काल दुपारी पावणेचार वाजता सगळं बदललं. वेळ मी पाहिली नव्हती, तूच सांगितलीस. म्हशाच्या जत्रेत घोंगड्यांच्या दुकानापुढे तासभर ताटकळलो तेव्हा तू आलीस, मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकापुढे धरलंस आणि म्हणालीस, "पावणेचार झाले. आमचा चांगोदादा पाचला बैलबाजारातून येईल. काय बोलायचं ते बोल." आणि मला बोलता येईना. सव्वा तास मी पाळण्याकडे बघत बसलो आणि तू शेंगा सोलत विचारत राहिलीस, "मुका झालास का रे?"

तर तोंडाने जमलं नाही ते लिहितो. मला तुझ्याशी लग्न करायचंय.

तुझ्या घरी काय म्हणतील ते ठाऊक आहे. कॉलेज अर्धवट सोडलेला पोरगा. सोडलंच आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला मेटलर्जीच्या सरांनी वर्गापुढे सुनावलं, "डोकं एवढं गरम असेल तर वाडीवर जाऊन भात लाव." मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि निघालो. पस्तावा नाही. आज मी एमआयडीसीत वेल्डर आहे. आमच्या वर्कशॉपात केमिकल कंपन्यांची भांडी बनतात, आणि तीही निकेलच्या मिश्रधातूची. उकळतं ॲसिड ओतलं तरी ढिम्म हलत नाही असला पत्रा.

आता एक गंमत. सध्याचं भांडं तुझ्याच कंपनीत येतंय, आटगावला! त्याच्या बगलेतली नळी, जिच्यातून नमुना काढतात, ती काल मी जोडली. शेठने सकाळी अट घातली, नळी झाली तरच जत्रा. जीप दोनची. आमचे मुख्य वेल्डर बारकूदादा, त्यांना चार वाजले असते. मी दीडला संपवली. वर तारेचा ब्रश मारून अशी चकाकवली की शेठ तिच्यात मिशी बघत होता.

उत्तर लवकर दे.

तुझा,
भगीरथ

---

आटगाव,
२७ जानेवारी १९९८

भगीरथ,

पत्र कंपनीच्या पत्त्यावर पाठवलंस, शाब्बास. टाइम ऑफिसातल्या माणसाने मला देताना एवढं गालात हसून दिलं की वाटलं त्यालाच लग्नाचं विचारलंय. यापुढे माझ्या मैत्रिणीच्या, काजलच्या पत्त्यावर लिही. बाजारात तिचं शिवणाचं दुकान आहे, पोस्टमन तिथे चहाला थांबतोच.

लग्नाचं काय विचारतोस? गेल्या उन्हाळ्यात मावशीकडच्या लग्नात तुला पहिल्यांदा पाहिलं. तिथे तू पंगतीत वाढप्याशी भांडलास. दुसऱ्यांदा भेटलास तो जत्रेत, मुका. दोन्हींतला खरा कोणता ते कळू दे, मग सांगते.

तुझं भांडं आलं. क्रेनने उतरवलं, नारळ फोडला. लॅबमधून मीच जाते नमुना घ्यायला, पाळीला चारदा. नळीखाली बाटली धरायची, चावी हळूच फिरवायची. ॲसिड एवढं तापलेलं असतं की बाटलीला फडकं गुंडाळावं लागतं. नवीन केमिस्ट साहेब आलेत, ते स्वतः उभं राहून शिकवतात. बारावी सायन्सचं काहीतरी कामाला येतंय असं पहिल्यांदाच वाटलं.

नळी चकचकीत आहे खरी. मीपण तिच्यात वेणी बघितली.

सावळी

---

मुरबाड,
६ फेब्रुवारी १९९८

सावळी,

केमिस्ट स्वतः उभं राहून शिकवतात म्हणजे काय? बाटली धरायला शिकवायला काय लागतं? लग्न झालंय का त्याचं? तू सरळ नोकरी सोड. मी कमावतो, दोघांना पुरेल.

या रविवारी सुट्टी नाही, सोमवारी मी येतो तिथे. बघतोच.

भगीरथ

---

आटगाव,
१२ फेब्रुवारी १९९८

भगीरथ,

बघितलंस ना? पोट भरलं?

गेटवर, पाळी सुटायच्या वेळेला, दोनशे माणसांसमोर तू साहेबांची कॉलर धरलीस. ते बिचारे चष्मा शोधत होते आणि तू ओरडत होतास, "शिकव ना आता, शिकव!" वॉचमनने तुझं नाव वहीत लिहून घेतलंय, तुला पुन्हा गेटजवळ येऊ द्यायचं नाही. साहेबांनी तक्रार केली नाही, एवढंच. मला म्हणाले, "तुमचे कोणी आहेत का ते?" मी नाय म्हटलं.

ही नोकरी मला कोणी आणून दिलेली नाही. आमच्या वाडीतून आटगावपर्यंत रोज दीड तास चालते मी. त्यामुळे एकच सांगते आणि नीट ऐक. माझ्या नोकरीबद्दल, साहेबांबद्दल, लॅबबद्दल पुन्हा एक अक्षर लिहिलंस, तर त्यानंतरचं एकही पत्र उघडणार नाय.

सावळी

---

मुरबाड,
२ मार्च १९९८

सावळी,

वीस दिवस लिहायची हिंमत झाली नाही. चुकलं. शपथ घेतो, पुन्हा तो विषय काढणार नाही.

बारकूदादांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझा आणि या निकेलचा स्वभाव उलटा आहे. त्याला धीर लागतो, तुला तो नाय." आमच्याकडे रीतच आहे. निकेलवर वेल्डिंगचा एक फेरा मारला की सांधा निवू द्यायचा. मग त्यावर उघडा तळहात ठेवायचा आणि दहा आकडे मोजायचे. हात ठेवता आला तरच पुढचा फेरा. बारकूदादा आकडे मोठ्याने मोजतात, देवळात घंटा वाजवल्यासारखे.

माझे दहा आकडे तू मोज. मग ठरव.

भगीरथ

---

आटगाव,
२२ मार्च १९९८

भगीरथ,

तीनपर्यंत मोजलेत. पुढचे तुझ्या वागण्यावर.

घरी मोहाची फुलं वेचायचं चाललंय, अंगणभर वाळत घातलीत. आई विचारते, कुणाची पत्रं येतात काजलकडे? मी म्हटलं, शिवणाच्या क्लासची. आई म्हणाली, "क्लास लई रडका दिसतोय, कागद भिजून येतात." तू रडतोस का रे लिहिताना?

एक मजा. आमचा नमुना एरवी पाण्यासारखा स्वच्छ असतो. गेल्या पंधरा दिवसांपासून जरासा हिरवट येतोय. काकडी कापून ठेवल्यावर खाली पाणी सुटतं ना, तसा. रोज थोडा जास्त. साहेबांना दाखवला, ते म्हणाले, कच्चा माल नवीन पिंपांतून येतोय, त्याचा रंग असेल. सकुबाई झाडू मारते ती म्हणाली, सरबत करा. दिसायला खरंच छान दिसतो. आणि नळीच्या बुंध्याशी सकाळी थोडंसं दंव धरल्यासारखं ओलं असतं. पुसलं की जातं.

हे नोकरीबद्दल मी लिहिलं, तू नाही. तेव्हा चालेल.

सावळी

---

मुरबाड,
२६ मार्च १९९८

सावळी,

त्या नळीखाली जाऊ नकोस. एकदाही नाही. नमुना दुसऱ्या कुणाला घ्यायला सांग, आजारी आहे म्हण, काहीही म्हण. रजा काढ. जमलं तर सोडूनच दे ती नोकरी. कारण विचारू नकोस, भेटल्यावर सांगेन. साहेबाला पिंपांचं काय कळतं?

दोनदा एसटीडी बूथवरून फोन केला. नाव सांगितलं की टाइम ऑफिसवाला ठेवून देतो.

माझी शपथ आहे तुला.

भगीरथ

---

आटगाव,
२ एप्रिल १९९८

भगीरथ,

चोवीस दिवस टिकली शपथ तुझी. नोकरी सोड, रजा काढ, साहेबाला काय कळतं. शब्दसुद्धा तेच. यावेळी नळीचं निमित्त.

मी हसून चार ओळी लिहिल्या आणि तुला त्यात साहेब दिसले. चांगोदादा म्हणतो ते बरोबर आहे, संशयी माणसाला वाळत घातलेल्या लुगड्यातही पुरुष दिसतो.

तीन आकडे मोजले होते, ते परत घेतले. यापुढचं पत्र उघडणार नाय म्हटलं होतं. नाय म्हणजे नाय.

सावळी

---

(इनलँडच्या बाहेर, पत्त्याच्या वर: हे पत्र नोकरीबद्दल नाही, माझ्या गुन्ह्याबद्दल आहे. काजल, तिने फाडायला घेतलं तर हात धर.)

मुरबाड,
९ एप्रिल १९९८

सावळी,

गेल्या पत्रात मी कारण लपवलं. लाज वाटली म्हणून. तुला वाटलं जळतोय. मी आधी तसा वागलो नसतो तर तुला तसं वाटलं नसतं. दोन्ही चुका माझ्या.

जानेवारीत मी तुला लिहिलं होतं, पावणेचारला सगळं बदललं. खोटं आहे. ते दीडला बदललं. नळीच्या सांध्यावर पाच फेरे मारायचे होते. पहिले दोन मी नीट मारले, हात ठेवला, दहा मोजले. मग घड्याळ बघितलं. पुढचे तीन फेरे मी एकावर एक मारले, करंट वाढवून, मध्ये श्वासही न घेता. सांधा तांबडा होता. निवल्यावर त्याच्यावर निळा-जांभळा रंग चढला, मोराच्या मानेसारखा. जास्त तापल्याची ती खूण असते. मी ब्रशने घासून तो घालवला. तू जिच्यात वेणी बघितलीस ती चकाकी म्हणजे तेच. बारकूदादांनी विचारलं, "हात ठेवलास?" मी म्हणालो, "हो." त्यांनी विश्वासाने सही केली.

तुझा हिरवा नमुना वाचला आणि लगेच कळलं. निकेल ॲसिडात विरघळलं की हिरवं होतं. एवढं मला अर्ध्या डिप्लोमात शिकवलं होतं. तो पिंपांचा रंग नाही. ते भांडं तुझ्या बाटलीत उतरतंय.

खात्री करायला मी उरलेल्या पत्र्याचे दोन तुकडे घेतले आणि तसाच सांधा केला. तोच करंट, तीच घाई. तो खिशात घालून कल्याणला गेलो, कॉलेजात. लॅबच्या दाराशी उभा राहिलो. सरांनी वर पाहिलं.

"जर्नल न्यायला आलास? कपाटात आहे. धूळ झटकून घे."

मी तुकडा पुढे धरला. त्यांनी तो उलटसुलट केला, शिपायाला हाक मारली आणि मला पॉलिश पेपर दिला. चार तास मी तो घासला. मग त्यांनी रसायन लावलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि स्वतः न बघता मला म्हणाले, "बघ."

सावळी, कसं सांगू? तू आपली भाताची खाचरं डोंगरावरून बघितली आहेस. धातू आतून तसाच असतो. दाणे म्हणजे खाचरं, मधल्या सीमा म्हणजे बांध. चांगल्या पत्र्यात ते बांध केसासारखे बारीक. माझ्या सांध्याच्या कडेला ते जाड, काळे, दातेरी झाले होते. या धातूला ॲसिडापासून वाचवतात ते क्रोमियम आणि मॉलिब्डेनम. जास्त वेळ तापलं की ते बांधावर जमून गाठी धरतात, आणि गाठींच्या शेजारची जमीन भुकी राहते. ॲसिड बरोबर त्या भुक्या पट्टीतून शिरतं. खेकड्याने बांध पोखरावा तसं. वरून खाचर भरलेलं दिसतं आणि पाणी खालून निघून गेलेलं असतं. तुला सकाळी दिसतं ते दंव नाही.

"सांध्याचा एक्स-रे काढला होता," मी म्हणालो. "क्लिअर आला."

"एक्स-रेला भोक दिसतं. भोक पडायच्या आधीचं दिसत नाही."

"परत तापवून बरं नाही करता येणार?"

"अख्खं भांडं भट्टीत घालशील? तो सांधा कापायचा, कडेचा पत्रा कापायचा, नवीन नळी बसवायची. दोन दिवसांचं काम. पण त्याआधी भांडं बंद करायला हवं." मग चष्मा पुसत म्हणाले, "हा धडा तू गेलास त्याच्या पुढच्या आठवड्यात घेतला होता. हजेरीत मी तुझं नाव पुकारलं होतं."

कधी फुटेल म्हणून विचारलं. म्हणाले, उद्या किंवा सहा महिन्यांनी, कुणी सांगू शकत नाही.

मी गेटवर येऊ शकत नाही, वहीत नाव आहे. फोनवर कुणी ऐकत नाही. तूच हे तुझ्या साहेबांना दाखव. ज्यांची कॉलर धरली त्यांच्याच हातात हे आहे. मला माफ करू नकोस, पण नळीखाली जाऊ नकोस.

भगीरथ

---

आटगाव,
१८ एप्रिल १९९८

भगीरथ,

काजलने खरंच हात धरला. वाचलं. दोनदा वाचलं, मग साहेबांकडे घेऊन गेले. तुझं सगळं खाजगी त्यांनी वाचलं, पण तसं काही बोलले नाहीत. नमुना तपासला. निकेल निघालं, भरपूर. त्याच दिवशी त्यांनी मुंबईच्या ऑफिसला लिहिलं की भांडं बंद करू या.

मुंबईहून उत्तर आलं: तपासणीचे कागद बरोबर आहेत, एक्स-रे क्लिअर आहे, मेमध्ये कंपनी दुरुस्तीसाठी बंद होते तोपर्यंत भांडं चालू राहील. सांधा खराब आहे असं बनवणाऱ्या वर्कशॉपने लेखी, शिक्क्यासह दिलं तरच मधे थांबवता येईल. साहेब म्हणाले, "शिक्क्याचा कागद आणा, मी एका तासात चावी बंद करतो. त्याशिवाय माझे हात बांधलेत."

आणि मला त्यांनी नळीवरून काढलं. पॅकिंगला टाकलं. तुझी शपथ खरी झाली.

आता नळीवर भिमी जाते. मागच्या महिन्यात लागली, विसाची पण नाही. मी तिला सगळं सांगितलं, नळी, बांध, खेकडा, सगळं. ती म्हणाली, "ताई, मी नाय म्हटलं तर मला घरी पाठवतील. तुला पॅकिंग तरी मिळालं." आणि बाटलीला फडकं गुंडाळून गेली. दिवसातून चार वेळा ती माझ्यासमोरून जाते आणि मी पुठ्ठ्याचे खोके चिकटवते.

तू मला वाचवलंस असं लिहू नकोस. मला वाचता येणार नाय ते. कागद आण.

सावळी

---

मुरबाड, एसटी स्टँड,
२२ एप्रिल १९९८

सावळी,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी तुमच्या गेटवर येऊन गेलो असेन. आत घेतलं की हाकललं, ते तुला या पत्राआधीच कळलं असेल. तरी लिहितो, कारण शेठ काय म्हणाला ते तू विचारशील, आणि समोर आलो की मला बोलता येत नाही. किन्हवलीवरून जाणारी शहापूरची गाडी यायला अजून वेळ आहे.

खरं सांगू? तुला पॅकिंगला टाकलं हे वाचलं आणि पहिला क्षण मला हायसं वाटलं. पुढच्या ओळीवर भिमी होती. त्या एका क्षणाची मला अजून शरम वाटते.

तुझं पत्र मिळाल्यापासून मी शेठच्या मागे लागलो. आज सकाळी त्याने ऑफिसात बोलावलं. बारकूदादाही होते, कोपऱ्यात. मी टेबलावर तो घासलेला तुकडा ठेवला, सरांची चिठ्ठी ठेवली, नमुन्याचा रंग सांगितला. काचेचं दार असल्यामुळे बाहेर सगळे ग्राइंडर बंद करून बघत होते.

शेठ चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, मला चिडणाऱ्याशी कसं बोलायचं ते येतं. तो समजावायला लागला.

"हे बघ भगीरथ, हा तुकडा भांड्याचा आहे का? नाय. तू काल-परवा बनवलास. मुद्दाम खराब बनवलास. मग त्यावरून भांडं खराब कसं?"

"मी तसंच केलं होतं, शेठ."

"कागदावर तसं नाय. कागदावर दहा आकडे मोजलेले आहेत. बारकूची सही आहे. बोल रे बारकू."

बारकूदादा आपल्या तळहातांकडे बघत होते. तीस वर्षं गरम सांध्यांवर ठेवून ते तळवे चपलेसारखे झालेत. हळू आवाजात म्हणाले, "मी विचारलं होतं तुला. हात ठेवलास का म्हणून. तू हो म्हणालास."

कुणाची कॉलर धरू? सगळे खरंच बोलत होते. शेठचा कागद खरा, दादांचा विश्वास खरा, मुंबईवाल्यांचा एक्स-रे खरा. खोटं तेवढं मी बोललो होतो, एकच शब्द, आणि तोच आता सगळ्यांनी धरून ठेवलाय.

"खोटं बोललो, दादा," मी म्हणालो. "तुमच्या सहीखाली मी आज लिहून देतो, खोटं बोललो म्हणून. शेठ, फक्त शिक्का द्या. नळी मी फुकट बदलून देतो. दोन दिवस."

"आणि पुढचं भांडं? आमचे सांधे फुटतात म्हटल्यावर कोण देईल? इथे चाळीस माणसं खातात."

"तिथे भिमी नावाची पोरगी आहे."

"कोण भिमी?"

"मलाही माहीत नाय."

त्याचा हात ड्रॉवरकडे गेला. वाटलं, देतोय. ड्रॉवर उघडला. शिक्का तिथेच होता, पॅडशेजारी, मला दिसत होता. त्याने त्यातून बडीशेपेची डबी काढली आणि ड्रॉवर लावला.

मग मी त्याच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्याने लिहिलं. नाव, वाडी, तारीख. पाच फेरे, त्यातले तीन न निवता. किती करंट. रंग घासून घालवला. मुख्य वेल्डरला खोटं सांगितलं, त्यांचा दोष नाही. खाली सही.

शेठने वाचायला मागितला नाही. "घेऊन जा," म्हणाला. "पण आटगावला तुझ्या कागदाला कोण विचारणार? ना डिप्लोमा, ना शिक्का. गेटवर हाकलतील. आणि मग इथे परत यायचं नाय. इथेच काय, मुरबाडात कुणी वेल्डिंगचा टॉर्च देणार नाय हातात."

"नाय विचारणार," मी म्हणालो. तो बरोबर बोलत होता. साहेब गेटवर येतील का, आले तर या चिठोऱ्यावर चावी बंद करतील का, मला ठाऊक नाही. मी एवढंच करू शकतो की तो तिथे नेऊन देईन, आणि नाही घेतला तर उद्या परत नेईन.

तुकडा उचलला. बारकूदादांच्या पाया पडायला वाकलो, त्यांनी पाय मागे घेतले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

शेठ मागून म्हणाला, "भगीरथ, बस. चहा येतोय."

कागद घडी करून वरच्या खिशात घातला. चहाचं पोरगं आत येत होतं, त्याला वाट दिली. बाहेर आलो, आणि दार लावून घेतलं.